उरलेली डावी

पडवीतली पोती बाहेर काढली तेव्हा मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला एक चप्पल लटकलेली दिसली. एकच, डाव्या पायाची. धुळीनं इतकी माखलेली की आधी मला वाटलं, बियाण्यासाठी ठेवून विसरलेला दोडकाच आहे. झटकली, पदरानं पुसली आणि नाकाशी नेली. धुळीच्या खालून एरंडीच्या तेलाचा तो जुना जड वास आला आणि मी पोत्यावरच बसले. बाबांना जाऊन किती पावसाळे झाले, घराचे पत्रे बदलले, चूल गेली, अंगणातली बाभूळ गेली, आणि हा वास आपला खिळ्याला लटकून बसलेला. मला रडू आलं नाही. उलट हुरूप आला, खोटं कशाला सांगू.

आवरत होते ती शिकवणीसाठी. आर्णीतल्या आमच्या या घराच्या पडवीत मी बायकांना चपला करायला शिकवते. उन्हाळ्यापासून एकाच गोष्टीपायी माझं डोकं उठलं होतं: यांचा हात बसायला कातडं कोणतं द्यायचं? चांगलं द्यावं तर महाग. मग रापी हातात धरून नुसत्या बघत बसतात, कापत नाहीत. स्वस्त द्यावं तर ते मुळात कातडंच नसतं. रेक्झिन आणून पाहिलं. कापायला सोपं, पण त्याला आठवण नाही. कातड्यावर नखानं रेघ ओढली की ती राहते, रेक्झिन लगेच विसरून जातं. टाका ओढला की भोक फाटत जातं ते वेगळंच. मग चुरा चिकटवून केलेला तो तक्ता आणला, वरून कातड्यासारखा छापलेला, वासही फवारलेला. पाण्याचा हात लावला तर पापुद्रे सुटले. बायका हसल्या. माझा मात्र संताप झाला. शिकणाऱ्याच्या हाती खोटं साहित्य द्यायचं म्हणजे त्याचे दिवस खाण्यासारखं आहे.

आणि ज्योत्स्नाकडे दिवस नव्हतेच. सगळ्यांत तिचा हात चांगला. नवरा वणीकडे कोळशाचा ट्रक चालवतो, घरी ही आणि सासू. सासू बाजारात भाजी विकते. तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं की कातडं धरायचंच असेल तर पोळ्याच्या आधीच्या बाजारापर्यंत खऱ्या कातड्याचं काहीतरी करून दाखव, नाहीतर कापडाच्या दुकानातलं काम धर आणि ही पडवी सोड. सासू वाईट बाई नव्हे. तिचं म्हणणं मलाही टोचत होतं. तिच्या सासऱ्यानं दीक्षेनंतर मेलेली ढोरं ओढणं सोडलं, घरातला कातड्याचा तुकडा न तुकडा उचलून बाहेर टाकलं, गावाचा राग सोसला. मग त्याच घरातल्या सुनेनं पुन्हा ते हाती घ्यायचं कशाला? ज्योत्स्नानं तिला काय उत्तर दिलं ते मला पडवीत बसून सांगितलं, खाली बघत, पण आवाज पक्का होता.

"मी म्हटलं, आत्या, तवा गाव बोलवे म्हणून जा लागे. मले कोणी बोलावलं नाई. मी आपल्या मनानं आली."

मी मनाशी एवढंच ठरवलं की ही पोरगी कातडं नाही म्हणून पडवीतून जायची नाही.

बाबांना शिकाऊ कातड्याचा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्यांच्याकडे मोटा होत्या. मोट म्हणजे विहिरीचं पाणी उपसायची म्हशीच्या कातड्याची भलीमोठी पिशवी, खाली सोंड असलेली. बैल उतारावरून खाली जायचे, चाक कुरकुरायचं, भरलेली मोट झुलत वर यायची आणि सोंडेतून पाणी धबाकन थारोळ्यात पडायचं. मामाच्या गावी मला त्या आवाजानंच जाग यायची. पहाटेचं पाणी, बैलांच्या अंगाची ऊब, हाकणाऱ्याचं गाणं आणि ओल्या कातड्याचा वास. मग विहिरींवर मोटारी बसल्या आणि मोटा गोठ्यात आढ्याला टांगल्या गेल्या. बाबा सायकलवर गावोगाव हिंडायचे आणि त्या मागून आणायचे. वाळून लाकडासारख्या झालेल्या मोटा कॅरिअरला बांधून येताना लांबून दिसायचे, तेव्हा मागे कोणी जाडजूड पाहुणा बसलाय असंच वाटायचं.

परसात एक फुटकी नांद होती. तिच्यात मोट भिजत पडायची. पाणी आधी गढूळ व्हायचं, मग चहासारखं लाल. कमावताना मुरलेली बाभळीची साल त्या कातड्यातून सुटून बाहेर यायची आणि सगळं परस तुरट वासानं भरायचं. ऊन धरलं की दगडावर पसरून एरंडीचं तेल. मी आणि आई चिंध्यांनी तेल जिरवायचो, आणि आमच्या हातांना जेवतानाही तोच वास असायचा. ते कातडं देखणं नव्हतं. इकडे ठिगळ, तिकडे भोक, मध्येच पाण्याच्या खाराचे पांढरे डाग. पण खरं होतं. वाकवलं तर वाकायचं, ओढलं तर आपली ताकद दाखवायचं, आरी चुकली तर चुकलेलं भोक कायमचं ठेवायचं.

बाबांच्या हाताखाली कोणी शिकायला आलं की ते एकच वाक्य सांगायचे. "नासवाले परवडलं पायजे आन् खोटं बोललं नाई पायजे, असं कातडं शिकणाऱ्याले द्या लागते." नागपुरात मोठमोठ्या प्रदर्शनांतून हिंडले मी, याहून नेमकं कोणी सांगितलं नाही.

पोळ्याच्या आधी आमच्या घरात झोप म्हणून नसायची. बैलांच्या गळ्यातले पट्टे, घुंगरांच्या माळा, चाबकांच्या वाद्या, सगळं त्याच दिवसांत. घुंगरं ओवायचं काम माझं. घरभर खुळखुळ चालायची, बाहेर पाऊस, आत कंदिलाभोवती पाखरं, आणि बाबा मांडी घालून बसलेले, उजव्या पायाखाली कातडं दाबून धरलेलं. पायानं कातडं धरायचं आणि हातानं रापी चालवायची, ही त्यांची रीत. अशाच एका पोळ्याच्या तोंडी त्यांनी मोटेचा एक तुकडा माझ्यापुढे टाकला आणि रापी दिली. पोरीच्या हाती रापी कशाला म्हणून आई कुरकुरली. आमच्यात बायका शिवायच्या, तेल लावायच्या, पण कापायच्या नाहीत. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मला बाबांसाठीच चपला करायच्या होत्या. माप घ्यायला गेले तर त्यांचा उजवा पाय कामात गुंतलेला. डावा मोकळा होता, म्हणून डाव्याभोवतीच कोळशानं रेघ ओढली. त्या मापाचा कागद कापला, कातड्यावर ठेवला, एक तळ कापला. तोच कागद तसाच ठेवून दुसरा कापला. पट्टे शिवले, अंगठ्याची कडी बसवली, तेल चोळलं. शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

दोन्ही डाव्या.

मी त्या सरपणाखाली लपवल्या. संध्याकाळी आईनं चुलीसाठी लाकडं ओढली आणि त्या बाहेर आल्या. मी रडायच्या बेतात. बाबा मात्र त्या हातात घेऊन टाके तपासत बसले. मग म्हणाले की आपल्यात रीत आहे, शिकणाऱ्याची पहिली जोड शिकवणाऱ्यानं घालायची आणि बाजार फिरून यायचा. त्यांचीही पहिली जोड त्यांच्या आज्यानं घातली होती म्हणे, आणि तिचा अंगठा भर बाजारात सुटला होता.

दुसऱ्या दिवशी ते त्या चपला घालून निघाले. उजव्या पायात डावी घातली की अंगठ्याची कडी करंगळीकडे येते. बाबांनी कडीत करंगळी सारली आणि पाय फाकवत चालू लागले. मी मागे, मान खाली घालून. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी एका पायावर गेले असते. बाजारात झुली, दोर, बैलांच्या शिंगांचा रंग, ओल्या गोणपाटाचा आणि गरम जिलबीचा वास. आणि त्यातून आमची ही वरात. जो तो विचारायचा, पायाला काय झालं? बाबा प्रत्येकाला थांबून तेच सांगायचे, न कंटाळता. काई नाई झालं, माह्या पोरीनं केल्या, पह्यल्याच हायेत. लोक हसायचे, तेही हसायचे. कुणी खाली वाकून टाके बघायचे आणि म्हणायचे, टाके मात्र बरे घातले. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझी मान कधी वर आली ते मला कळलं नाही. घरी आल्यावर त्यांच्या करंगळीला फोड आलेला. त्यावर तेल लावत ते एवढंच म्हणाले, आता उजवी कर.

उजवी केली. ती जोड त्यांनी झिजून जाईपर्यंत घातली. आणि जास्तीची डावी राहिली ती राहिलीच. तीच ही, खिळ्यावरची.

आता मोटा कुठून आणायच्या? होत्या त्या कुजल्या, उंदरांनी खाल्ल्या, विकल्या गेल्या. मी ती डावी पिशवीत घातली आणि एसटीनं नागपूर गाठलं. चामड्याच्या गोदामात शिरले. गोदामवाल्यानं आधी पर्सवाल्यांकडची कातरण दाखवली, रंगीबेरंगी, मऊ, अगदी स्वस्त. मी तुकडा ओला करून दाबला. दाब राहिला नाही. कड घासली, तर कडेला धागे सुटले. पिशव्यांना ठीक, पण चपलेचा तळ त्याचा व्हायचा नाही, आणि बायकांचे हात सुरुवातीलाच लाडावतील. मग त्यानं पाठीचं कातडं उलगडलं. काय सांगू, सारखं, घट्ट, बिनडागी. त्यावर हात फिरवून घेतला आणि गुंडाळायला सांगितलं. ते समोर ठेवलं असतं तर माझ्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं असतं, रापी लावली नसती.

कोपऱ्यात एक ढीग पडलेला होता. म्हशीच्या मानेचे आणि पोटाचे तुकडे. मानेवर सुरकुत्या, पोट सैल, कुठे गोचिडाचे डाग, कुठे तारेचे ओरखडे. नख ओढलं, रेघ राहिली. अंगठा ओला करून टेकवला, तिथे कातडं काळवंडलं आणि पाणी पिऊन गेलं. दुमडलं, तडकलं नाही. नाकाशी नेलं, आणि नांदीतल्या पाण्याचा तो तुरट वास! बाभळीच्या सालीत कमावलेलं होतं. पिशवीतून डावी काढून शेजारी ठेवली. रंग वेगळा, वय वेगळं, पण गोत्र एकच. गोदामवाला म्हणाला की ताई, हा तर नाकारलेला माल आहे, शिकणाऱ्यांना चांगलं द्यावं. मी म्हटलं, शिकणारे नासवणार आहेत भाऊ, आम्हाला नासवायलाच पाहिजे. तो हसला आणि वजनावर देऊन टाकलं. येताना पोतं मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर गेली. जा म्हटलं बाई, मला पाय पसरायला जागा झाली.

पडवीत तो ढीग ओतला. मान कुठली आणि पोट कुठलं हे हातानं ओळखायला लावलं. पोटाचं ताणतं, त्याचे पट्टे केले तर चप्पल आठवड्यात पायातून निसटेल, म्हणून पोटावर फक्त आरी आणि टाका गिरवायचा. तळ मानेचे. बायकांनी धडाधड कापायला घेतलं. वाकडं, तिरकं, एकीनं तर तळ असा कापला की आम्ही त्याला भेंडी नाव ठेवलं. कुणालाच वाईट वाटलं नाही. हेच तर पाहिजे होतं मला.

ज्योत्स्ना तेवढी रापी धरून बसलेली. रेक्झिनवर सरसर चालणारा हात इथे थिजला. दुसऱ्या दिवशी विचारलं, काहून वं? तर म्हणाली, नासलं तर. तिच्या घरी मेथीच्या काड्याही वाया जात नाहीत, सासू उरलेल्या पालेभाजीचे वडे करते. त्या घरातून आलेल्या हाताला चांगली वस्तू बिघडवायची सवयच नाही. मी समजावलं, मग रागावले, मग पुन्हा समजावलं. पाऊस पडत होता, बाजार तोंडावर आला होता, आणि ती रोज येऊन त्याच तुकड्यावर हात फिरवून घरी जात होती. मलाच रात्री जेवण गोड लागेना.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी परत खिळ्याला लावून ठेवलेली डावी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, माझ्या बाबांच्या या चपलेला जोड नाही. हिची उजवी कर. या चपलेची सगळी कथा मी बायकांना सांगितलेलीच होती.

"काकू, चुकलं तं तुम्हाले घाला लागल," ती म्हणाली.

"म्हणूनच म्हणून राह्यली. काप."

तिनं चपलेचा तळ कागदावर उतरवला. अगदी बारीक पेन्सिलीनं, श्वास धरून. कागद कापला. मग उजवी पाहिजे म्हणून कागद पालटला. बरोबर. कातड्यावर खुणा नेहमी मांसाच्या बाजूनं करायच्या, हे मीच शिकवलेलं, म्हणून तिनं कातडंही पालथं घातलं. एकदा पालटायचं ते दोनदा पालटलं. म्हणजे पुन्हा डावंच. भिणाऱ्या आणि नीट ऐकणाऱ्या पोरीचीच ही चूक. बिनधास्त पोरगी असं चुकूच शकत नाही.

मला ते तेव्हाच दिसलं. तोंडापर्यंत शब्द आला होता. पण तिच्या हातातली रापी कातड्याला टेकली होती. इतक्या दिवसांनी टेकली होती. आता थांब म्हटलं असतं तर ती पुन्हा कधी टेकली नसती. मी जीभ चावून बसले. रापी टाचेकडून निघाली, वळणावर जराशी थांबली, कातडं चर्र वाजलं आणि मग एका दमात अंगठ्यापर्यंत गेली. कड अशी आली, जशी मी पंचवीस वर्षं मुरलेल्या हातानं कापली असती. ती शिवायला लागली आणि मी तिच्या हातांकडे बघत होते, तेव्हा एकाएकी मला माझी ती माप घेतानाची वेळ आठवली.

बाबा तिथेच बसले होते की! माप घेताना मी त्यांचाच पाय धरला होता. एकच पाय. तो कागद मी त्यांच्यापुढे दोनदा ठेवला, त्यांच्यापुढे कापला. आणि त्यांनी घुंगरांच्या पट्ट्यावरून मान वर केली नाही. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना चपला सरपणाखालून बाहेर आल्यावरच कळलं. बाबा, तुम्हीही जीभ चावून बसला होता का हो? आता मला रडू आलं. बायकांना वाटलं, कातड्याच्या वासानं डोळे चुरचुरले.

ज्योत्स्नानं पट्टे ओढले, चप्पल पालटून जुनीच्या शेजारी ठेवली आणि पांढरीफटक पडली. कुणी हसलं नाही. मी त्या दोन्ही उचलून दाराशी मांडून ठेवल्या.

बाजाराच्या दिवशी उघडीप होती. मी उजव्या पायाची करंगळी अंगठ्याच्या कडीत सारली. बाबांचा पाय मोठा, माझी टाच मागे अर्धी रिकामी, चालताना फटक फटक आवाज. ज्योत्स्ना चार हात मागे, पदर ओढून, मान खाली. मला तिची मान ठाऊक होती, मी वळून बघितलं नाही. दोरांच्या दुकानापाशी पहिल्यानं हटकलं, काय बाई, पाय मुरगळला का? मी थांबले. काही नाही झालं, आमच्या ज्योत्स्नानं केली, पहिलीच आहे. बैलांच्या झुली, शिंगांचा रंग, आता दोर नायलॉनचे आणि घुंगरं प्लास्टिकच्या पट्ट्यावर, पण जिलबीचा वास तोच. प्रत्येकाला थांबून तेच सांगितलं. करंगळी सोलवटली होती. सोलवटू दे.

फिरत फिरत मुद्दाम भाजीच्या ओळीत गेले. ज्योत्स्नाची सासू पोत्यावर गवारीच्या शेंगांचे वाटे लावत होती. तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिनं आधी माझे पाय पाहिले, मग माझं तोंड, मग मागे उभी असलेली सून. मी म्हटलं, खऱ्या कातड्याची आहे, तुमच्या सुनेनं कापली. बाजारापर्यंत दाखवायची होती, दाखवली.

म्हातारीनं हात पुढे केला. मी नवी चप्पल काढून तिच्या हातात दिली. तिनं ती हातात घेतली तेव्हा ज्योत्स्नाचा श्वास मला मागून ऐकू आला. म्हातारीनं कड चाचपली, पट्टा ताणून पाहिला, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग, मला वाटलं नव्हतं असं, नाकाशी नेऊन वास घेतला. बराच वेळ घेतला. तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते तिचं तिला ठाऊक. चप्पल तिनं माझ्या पायाशी सरळ ठेवली. भाजी बांधायच्या रद्दीतला एक कागद ओढून सुनेपुढे चिखल नसलेल्या जागी अंथरला, आपली झिजलेली रबरी स्लिपर काढली आणि पाय कागदावर ठेवला.

"घे माप," ती म्हणाली. "पह्यले उजव्याचं घे. डाव्या लय झाल्या."

ज्योत्स्ना कागदावर वाकली. मी गवारीच्या वाट्यांवर बसणाऱ्या माश्या हाकलत उभी राहिले.